वायफाय अडखळते तेव्हा दोष आधी कुठे शोधावा

साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या काकूंनी गेल्या दिवाळीत १०० ऐवजी २०० एमबीपीएसची योजना घेतली, पण जादा पैसे भरूनही त्यांच्या घरातला वेग ९४ च्या पुढे सरकेना. सकाळी मोजला तरी ९४ आणि रात्री सगळे झोपल्यावर मोजला तरी ९४. केबलवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला आणि ‘आमच्याकडून पूर्ण येतंय, तुम्ही राउटर बदला’ असे सांगून मोकळा झाला. खरे तर दोष कुठे आहे हे तो आकडाच सांगत होता. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १००० एमबीपीएसच्या जोडणीला चारही जोड्या लागतात, तर १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. उरलेल्या दोनांपैकी एखादी जोडी तुटली की दोन्ही टोकांची उपकरणे कोणालाही न सांगता १०० वर तडजोड करतात, आणि त्यातून वरखर्च वजा जाता ९४-९५ हातात पडतात. बाल्कनीतल्या फायबरच्या पेटीपासून दिवाणखान्यातल्या राउटरपर्यंत आलेली केबल दाराच्या चौकटीत रोज चेपली जात होती. ती बदलली आणि राउटर आहे तोच राहिला.

वेग नेहमी त्याच एका आकड्यावर अडत असेल तर केबल किंवा तिचे पोर्ट तपासावे आणि तो दिवसभर वरखाली होत असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मी धावपळ वाचते. इंटरनेट आपल्या फोनपर्यंत चार टप्प्यांनी येते. पहिला टप्पा बाहेरून घरापर्यंतच्या तारेचा, दुसरा फायबरची पेटी आणि राउटर यांचा, तिसरा राउटरपासून फोनपर्यंतच्या हवेचा आणि चौथा खुद्द फोनचा किंवा संगणकाचा. ‘वायफाय चालत नाही’ या तक्रारीत हे चारही टप्पे एकाच पोत्यात भरलेले असतात, म्हणून औषधोपचाराआधी दुखणे कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवावे.

सुरुवात फायबरच्या पेटीवरच्या दिव्यांपासून करावी, कारण त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला पाहिजे. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला, तर प्रकाशाचा संदेश पेटीपर्यंत पोहोचतच नाही. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. अशा वेळी पेटीच्या मागची पिवळी किंवा पांढरी बारीक केबल कपाटाखाली दबली आहे का किंवा खिळ्याला लटकवताना तिला तीव्र बाक आला आहे का, एवढेच पाहावे. काचेचा तंतू वाकला की प्रकाश बाहेर गळतो. बाक काढूनही लाल दिवा गेला नाही तर तक्रार नोंदवावी. कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत झाडांवरून टाकलेल्या केबलचे शत्रू वारा आणि माकडे असे दोन्ही असतात, आणि त्यावर घरात बसून इलाज नाही. या केबलचे टोक मात्र उघडून फुंकर मारू नये, आणि त्यात डोळा घालून तर अजिबात पाहू नये, कारण त्यातला प्रकाश दिसत नसला तरी लेझरचा असतो.

दिवे ठीक असतील तर वेग मोजावा, पण योग्य जागी उभे राहून. आतल्या खोलीत पलंगावर पडून मोजलेला वेग योजनेविषयी काहीही सांगत नाही. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा. तसे जमत नसेल तर फोन राउटरपासून दोन मीटरवर, मध्ये भिंत न येऊ देता धरावा आणि राउटरच्या २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन जाळ्यांपैकी तो वेगवान अशा ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर आहे याची खात्री करून घ्यावी. इथे आकड्यांचा एक घोळ नेहमी होतो. योजनेतले एमबी म्हणजे मेगाबिट, तर फाइल उतरवताना दिसणारे एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात, आणि त्यात फसवणूक नाही. योजनेच्या कागदावर आकड्यापुढे चिकटलेला ‘पर्यंत’ हा प्रत्यय आणि महिन्याच्या डेटाची मर्यादाही एकदा वाचून ठेवावी. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच वेग कोसळत असेल तर बहुधा ती मर्यादा संपलेली असते.

केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर अर्धा, असे निघाले तर केबलवाल्याला दोष देण्याचे कारण उरत नाही. उलट केबलवरही वेग कमी असेल तर वायफायची खुडबुड करण्यात वेळ घालवू नये.

वेगापेक्षा अवघड तक्रार अडखळण्याची असते. मोजणी केली की आकडा छान येतो, पण ऑनलाइन बैठकीत दर पाच मिनिटांनी समोरच्याचा चेहरा गोठतो. असा दोष पकडायला मला ‘पिंग’सारखे दुसरे साधन माहीत नाही, आणि ते फुकट आहे. ते दिलेल्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा छोटा संदेश पाठवते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवते. वायफायने जोडलेल्या विंडोजच्या संगणकावर स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरे लिहून काळी खिडकी उघडावी. तीत पिंग हा शब्द, मोकळी जागा, राउटरचा पत्ता, पुन्हा मोकळी जागा आणि शेवटी आडवी रेघ व टी हे छोटे इंग्रजी अक्षर, असे टाइप करून एंटर दाबावे. राउटरचा पत्ता त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो आणि बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग तशीच दुसरी खिडकी उघडून तीत ८.८.८.८ हा पत्ता द्यावा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा संगणक आहे. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून बैठक सुरू असताना नजर टाकत राहावे.

राउटरच्या खिडकीत २ मिलिसेकंद, ३, ३, ४१०, ‘वेळ संपली’, ५ अशी उडी दिसली तर दोष घरातल्या हवेत आहे, कारण हा संदेश घराबाहेर गेलेलाच नसतो. राउटरचे आकडे एकअंकी आणि शांत असून ८.८.८.८ च्या खिडकीत मात्र उत्तरे गळत असतील, तर दोष बाहेरच्या तारेचा किंवा सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेचा आहे. दोन्ही खिडक्या शांत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर बहुधा डीएनएसची सेवा बिघडलेली असते. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिल्यास काम होते. तक्रार करताना त्या खिडकीचे छायाचित्र आणि वेळ सोबत द्यावी. ‘नेट स्लो आहे’ या वाक्याला कोणीही दाद देत नाही, पण ‘रात्री ८.१० ते ८.४० या वेळात केबलने जोडलेल्या संगणकावरून शंभरातल्या बारा पिंगना उत्तर आले नाही’ असे लिहिले की फोनवरच्या माणसाला वरच्या माणसाकडे जावेच लागते.

दोष हवेत निघाला तर पहिला आरोपी राउटरची जागा असते. आपल्याकडे राउटर जिथून तार आत आली तिथेच ठोकला जातो, म्हणजे मुख्य दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे, आणि पुढे कोणाला तरी तो दिसायला वाईट वाटतो म्हणून शोकेसमध्ये किंवा माळ्यावर जातो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरच्या आत. लांब तरंग भिंतीतून बरा जातो, पण त्यावर नेटचा वेग कमी मिळतो. आखूड तरंगावर वेग जास्त मिळतो, पण तो दोन भिंतींत दमतो. मुंबई-पुण्याच्या इमारतींतल्या सळ्या भरलेल्या काँक्रीटच्या भिंती, जुन्या वाड्यांच्या किंवा कोकणातल्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याने भरलेली टाकी हे सगळे त्याच्या वाटेतले अडथळे आहेत. राउटर उघड्यावर, उंचावर आणि शक्यतो घराच्या मध्याजवळ ठेवावा. त्यासाठी लागली तर दहा-पंधरा मीटर चांगली लॅन केबल भिंतीच्या कडेने न्यावी. नवा महागडा राउटर घेण्यापेक्षा हा खर्च फार कमी आहे आणि उपयोग बहुधा जास्त. अँटेना उभ्या ठेवाव्यात, कारण त्या आपल्या अंगाच्या बाजूंना सिग्नल फेकतात, टोकाच्या दिशेने फारसा नाही.

दुसरा आरोपी म्हणजे शेजारी, अर्थात त्यांचा राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर बसवलेली आहेत आणि एका जोडणीला किमान २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. त्यामुळे एकमेकांवर न चढता सोबत राहणारी म्हणून सहसा १, ६ आणि ११ ही तीनच वापरली जातात. १ आणि ६ भरलेली पाहून कोणी ‘मधले मोकळे’ म्हणून ३ निवडले तर ते शहाणपण अंगाशी येते. एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात, पण अर्धवट चढलेल्या चॅनेलवरून येतो तो नुसता गोंगाट. फोनवर वायफायची पाहणी करणारे एखादे ॲप घेऊन कोणत्या चॅनेलवर गर्दी कमी आहे ते पाहावे आणि त्या तिघांतलेच एक ठरवून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. रोज जेवण गरम करण्याच्या वेळीच बैठक अडखळत असेल तर दुसरे कारण शोधण्याआधी तो बंद करून पाहावा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मोठी आणि गर्दी कमी असते, म्हणून टीव्ही, लॅपटॉप आणि कामाचा फोन तिकडे न्यावेत.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची सोय राउटरमध्ये असते, पण मला ती फारशी पटत नाही. फोन पुष्कळदा दुबळ्या पण लांब पोहोचणाऱ्या २.४ ला चिकटून राहतो आणि आपल्याला ते कळतही नाही. वेगळी नावे दिली तर निवड आपल्या हातात राहते. शिवाय प्रिंटर आणि स्वस्त स्मार्ट बल्ब बहुधा फक्त २.४ वरच चालतात आणि ते पहिल्यांदा जोडताना फोनही त्याच जाळ्यावर असावा लागतो.

आतल्या खोलीपर्यंत सिग्नल पोहोचतच नसेल तर लोक एक्स्टेंडर आणतात आणि तो नेमका त्याच आतल्या खोलीत लावतात. जिथे सिग्नलच नाही तिथे तो वाढवणार काय? तो वाटेत, सिग्नल अजून चांगला असेल अशा ठिकाणी लावावा लागतो. तसे केले तरी स्वस्त एक्स्टेंडर त्याच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. माझे मत विचाराल तर घरातला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसते वायफाय पसरवण्यासाठी, मुख्य राउटरला केबलने जोडणे हा त्याहून कितीतरी सरस मार्ग आहे.

राउटर दिवसातून चार वेळा आपोआप बंद होऊन चालू होत असेल तर त्याचा ॲडॉप्टर पाहावा. राउटरच्या पाठीवर १२ व्होल्ट, १.५ ॲम्पिअर असे काही लिहिलेले असते. ॲडॉप्टरचे व्होल्ट तेवढेच आणि ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त हवेत. पिन बसते म्हणून सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर लावणे हा घरोघरचा प्रमाद आहे. भारनियमनासाठी छोटा यूपीएस घेतानाही हेच आकडे जुळवावेत. विजा कडाडत असताना ॲडॉप्टर काढून ठेवावा आणि गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात उतरली असेल तर तीही सोडवून ठेवावी.

एकच फोन रुसला असून बाकी सगळे चालत असेल तर राउटरला हात लावू नये. त्या फोनमध्ये ते जाळे ‘विसरा’ करून पुन्हा जोडावे, व्हीपीएन बंद करावे आणि तारीख-वेळ बरोबर आहे का ते पाहावे, कारण घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात.

आता त्या बंद-चालू करण्याविषयी. आधी पेटी आणि राउटर दोन्ही बंद करून अर्धे मिनिट थांबावे, मग पेटी सुरू करावी, तिचा पॉन दिवा स्थिर झाल्यावर राउटर सुरू करावा आणि दोन मिनिटे काहीही करू नये. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबायचे बटण मात्र निराळे आहे. ते रीस्टार्ट नव्हे तर रीसेट करते, म्हणजे वायफायचे नाव आणि पासवर्ड यांच्यासह सेवा देणाऱ्याने भरलेले युजरनेम व पासवर्डही पुसून टाकते, आणि रविवारी संध्याकाळी ते परत भरून देणारा कोणी मिळत नाही. ती माहिती केबलवाल्याकडून आजच मागून घ्यावी आणि कागदावर लिहून तो कागद राउटरच्या पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवावा. फोनमध्ये जपून ठेवण्याचा मोह आवरावा, कारण काकूंनी ती ईमेलमध्ये ठेवली होती आणि नेट बंद असताना तो ईमेल उघडत नव्हता.