मानसशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता: हिशेब कसा मांडावा

मानसशास्त्राला कर्ज काढून प्रवेश घ्यावा का, या विचारात असलेल्या बहुतेकांच्या हाताशी दोनच आकडे असतात: कॉलेजची फी आणि कुठेतरी वाचलेला ‘सायकॉलॉजिस्टचा सरासरी पगार’. आकडे खरे असले तरी त्यांची जोडी जुळत नाही. फी पहिल्या पदवीची असते, पगार मात्र त्यानंतर कित्येक वर्षे शिकलेल्या माणसाचा.

म्हणून आधी शिक्षण कुठे थांबवायचे ते ठरवा. नुसत्या पदवीवर बहुतेक देशांत कोणी सायकॉलॉजिस्ट होत नाही. अमेरिकेत स्वतंत्र प्रॅक्टिससाठी बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते. इंग्लंडमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीची, म्हणजे मानसिक आजारांचे निदान आणि उपचार शिकवणाऱ्या शाखेची, डॉक्टरेट साधारण 3 वर्षांची आहे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या वैधानिक संस्थेची नोंदणी लागते, आणि ती पदव्युत्तर व्यावसायिक प्रशिक्षणानंतरच मिळते. हा पल्ला गाठायचा असेल तर मधल्या सगळ्या वर्षांची फी, राहण्याखाण्याचा खर्च आणि त्या काळात बुडणारा पगार हिशेबात घ्या. पदवीवरच थांबायचे असेल तर तुलना एचआर, मार्केट रिसर्च, युजर रिसर्च (लोक एखादे ॲप किंवा वस्तू कशी वापरतात याचा अभ्यास), समाजकार्य अशा क्षेत्रांतल्या सुरुवातीच्या पगारांशी करा. दोन्ही वाटांचे दोन वेगळे कागद करा. एकाच कागदावर सरमिसळ झाली की मन आपोआप एकीकडचा कमी खर्च आणि दुसरीकडचा जास्त पगार उचलते.

आता कर्ज. काढलेली रक्कम आणि फेडायची रक्कम यांत किती अंतर पडते, हे एकदा कागदावर करून पाहावेच. समजा, 3 वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला 3 लाख उचलले, म्हणजे एकूण 9 लाख. चलन कोणतेही धरा. व्याज 10 टक्के, शिकताना आणि नंतरच्या एका वर्षात सरळव्याजाने, आणि तोवर हप्ता नाही. पहिल्या 3 लाखांवर 4 वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्यावर 3, तिसऱ्यावर 2. मिळून 2 लाख 70 हजार. ते मुद्दलात मिळवले की पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज 11 लाख 70 हजार झालेले असते. 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे 15,460 आणि एकूण परतफेड साधारण साडेअठरा लाख, म्हणजे उचललेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त. शिकताना आणि नंतरच्या त्या वर्षातही व्याज भरत गेलात तर हप्ता 9 लाखांवरच बसतो: सुमारे 11,890. घरच्यांना तेवढे झेपत असेल तर ते जरूर करावे. जे उदाहरण तुमचे, त्याचे आकडे बँकेच्या मंजुरीपत्रातून घ्या. तोंडी सांगितलेल्या व्याजदरावर जाऊ नका.

पगाराचा आकडा मिळवणे जास्त अवघड, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सरासरी पाहू नका, मध्यक पाहा, म्हणजे ज्याच्या खाली निम्मे आणि वर निम्मे पदवीधर असतात तो पगार. चारदोन मोठ्या पगारांनी सरासरी फुगते, मध्यक फारसा हलत नाही. शक्य असेल तर खालच्या चतुर्थांशाचा पगारही शोधा आणि आपण त्यात असू असे धरून एकदा हिशेब करा. अमेरिकेत सरकारचा ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ कॉलेज आणि विषयानुसार कर्ज व कमाई दाखवतो. पण त्यातला कमाईचा आकडा नोकरी करणाऱ्या आणि पुढे शिकत नसलेल्यांचा असतो, त्यामुळे मानसशास्त्रासारख्या विषयात तो संपूर्ण चित्र देत नाही. सरकारी आकडा नसेल तर कॉलेजला विचारा: गेल्या तीन तुकड्यांतले किती जण कुठे आहेत, आणि त्यांतल्या किती जणांनी तुम्हाला पगार कळवला? शंभरातल्या वीस जणांच्या उत्तरांवर काढलेल्या ‘सर्वसाधारण पॅकेज’ला फारशी किंमत देऊ नये.

दोन्ही कागद समोर आले की एकच भागाकार करा. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या 15 टक्क्यांत बसावा, हा माझा अंदाज आहे, कुठला नियम नाही. वरच्या 15,460 च्या हप्त्यासाठी महिन्याला साधारण 1 लाख 3 हजार हातात पडायला हवेत. सुरुवातीच्या नोकरीत ते शक्य दिसत नसेल तर पगारवाढीच्या आशेवर कर्ज काढू नये. पहिली दोन-तीन वर्षेच सगळ्यात जड जातात.

मात्र कर्ज कोणत्या जातीचे आहे त्यावर हा भागाकार बदलतो. इंग्लंडमध्ये 2023 पासून प्रवेश घेतलेल्यांचे सरकारी कर्ज उत्पन्नाशी बांधलेले आहे: ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या रकमेतून 9 टक्के कापले जातात आणि 40 वर्षांनी उरलेले माफ होते. तिथे मुद्दलापेक्षा पगारातली कपात महत्त्वाची. ठरावीक हप्त्याच्या बँक कर्जात नोकरी असो वा नसो, हप्ता द्यावाच लागतो, आणि थकला तर झळ सहकर्जदाराला, म्हणजे बहुधा आईवडिलांना, लागते.

हिशेब जुळत नसेल तर विषय सोडण्याआधी खर्च कुठे कापता येतो ते पाहा. पदवी कमी फीच्या सरकारी संस्थेतून आणि कर्ज फक्त पदव्युत्तर टप्प्यासाठी, ही सर्वांत सोपी वाट. अमेरिकेतल्या अनेक पीएचडी कार्यक्रमांत फी माफ होऊन विद्यावेतनही मिळते, तर सायडी (PsyD, संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी मानसशास्त्राची डॉक्टरेट) बहुधा स्वखर्चाने होते. पोहोचायचे ठिकाण जवळजवळ एकच असताना हा फरक फार मोठा आहे. पदवीतच संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे पेपर मनापासून केले तर परवाना न मिळवताही नोकरीच्या वाटा वाढतात. बरेच विद्यार्थी नेमके तेच पेपर टाळतात. आणि सुपरव्हिजनची, म्हणजे अनुभवी सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली काम करण्याची, वर्षे पगारी असतात की बिनपगारी, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या. बिनपगारी असतील तर त्या वर्षांचा घरखर्चही कर्जाच्या कागदावर लिहा.