एनडीपीएसमध्ये पोरगं आत गेलंय? आधी पंचनाम्यातलं वजन बघा

रात्री फोन येतो की पोराला मालासकट धरलंय, आणि घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो जामीन कधी होणार. पंचनामा आणि एफआयआर हातात आल्याशिवाय ह्याचं उत्तर कुठलाच वकील देऊ शकत नाही, जो फोनवरच "दोन दिवसात काढतो" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांचा 1985 चा कायदा, आणि त्यात सगळं वजनावर चालतं. गांजा 1 किलोच्या आत असेल तर स्मॉल क्वांटिटी, 20 किलोच्या वर गेला की कमर्शियल. चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो, एमडी (मेफेड्रोन) 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. गांजात स्मॉलला जास्तीत जास्त 1 वर्ष, मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत, आणि कमर्शियलला कमीत कमी 10 ते 20 वर्षं. शिवाय कमर्शियलला कलम 37 आडवं येतं, म्हणजे आरोपीने गुन्हा केलेला नसावा असं जजला सबळ कारणांवरून वाटलं पाहिजे आणि बाहेर आल्यावर तो परत तसलं काही करणार नाही असंही वाटलं पाहिजे, तेव्हाच जामीन. म्हणून 19 किलो आणि 21 किलोत जमीन अस्मानाचा फरक आहे.

आता पंचनामा उघडा. बऱ्याचदा एक ओळ सापडेल, "हिरवट रंगाची पाने, फुले, काड्या व बिया असलेला उग्र वासाचा गांजा, गोणीसह वजन 21 किलो 400 ग्रॅम". ह्या एका ओळीत दोन मुद्दे आहेत बघा. गोणीचं वजन वेगळं काढलंय का? आणि कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे शेंडे, नुसती पानं आणि बिया सोबत शेंडे नसतील तर त्यात धरत नाहीत, मग सगळं एकत्र मोजलं असेल तर खरा गांजा किती? वकिलाला हे नक्की विचारा. पण एमडी, हेरॉईनला ही युक्ती चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय की भेसळ असली तरी पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं.

मग झडती कशी झाली ते बघा. अंगझडती असेल तर कलम 50 प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा तुमचा हक्क आहे असं आरोपीला सांगावंच लागतं. दोघांना मिळून एकच नोटीस दिली असेल तर तोही मुद्दा होतो. मात्र माल फक्त बॅगेत सापडला असेल तर कलम 50 लागत नाही, लोक ह्यावर फुकट वेळ घालवतात. सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढलं का हेही बघा (कलम 52अ), तिथे गडबड असली की लगेच सुटका होत नाही पण उलटतपासणीत कामाला येते.

अधिकाऱ्यासमोर "हो माझाच माल" असं लिहून दिलंय म्हणून घाबरू नका, कलम 67 खालचा असला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच ठरवलंय.

पहिल्या 24 तासात कोर्टात हजर करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. रिमांडच्या वेळी अटकेची कारणं लेखी दिलीत का ते विचारा, नसतील दिली तर वकिलाला तिथेच बोलायला सांगा, नंतर नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, 15100 ला फोन लावा. कोर्टाच्या आवारात "साहेबांशी ओळख आहे" म्हणणारे भेटतीलच, त्यांना चहा पण पाजू नका.

पोरगं नुसतं पिणारं असेल तर कलम 64अ वकिलाकडून समजून घ्या, स्मॉल क्वांटिटी असेल आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेतात.

आणि घरातल्या कॅलेंडरवर पहिल्या रिमांडची तारीख लाल पेनाने लिहा. कमर्शियलला चार्जशीटसाठी 180 दिवस असतात (कमी वजनाला कमी), तो पहिला दिवसही मोजायचा. मध्ये सरकारी वकिलाने मुदतवाढ मागितली का ते बघत राहा, एक वर्षापर्यंत मिळू शकते. मुदतवाढ नाही आणि चार्जशीटही नाही, तर 181 व्या दिवशी कोर्ट उघडताना डिफॉल्ट जामिनाचा (म्हणजे चार्जशीट वेळेत न आल्यामुळे हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज टेबलावर पाहिजे, कारण दुपारी चार्जशीट आली आणि तोवर अर्ज पडलेला नसेल तर तो हक्क गेला.