नागद्वारला निघताय? आधी गाडीचा नंबर कागदावर लिहा

यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ आला आणि नागपंचमी १७ ऑगस्टवर गेली. गेल्या वर्षी ती २९ जुलैला होती. तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखा डोक्यातून काढा आणि कॅलेंडर समोर ठेवून सुट्ट्या टाका. पंचमी सोमवारी, शनिवारी १५ ऑगस्ट, मध्ये रविवार. अर्धं नागपूर त्या तीन दिवसांत पचमढीच्या घाटात अडकलेलं असणार. पंचमीचाच नवस असेल त्यांचा इलाज नाही. बाकीच्यांनी हट्ट सोडावा आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. नागद्वार म्हणजे पचमढीच्या जंगलातलं नागदेवाचं गुहेतलं ठाणं. तिथली वाट वर्षातून हे आठ-दहा दिवसच उघडते, एरवी तो सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, म्हणून गर्दी आपोआप तेवढ्यातच कोंबली जाते. १२ तारखेला दिव्यांची अवस आहे. घरी दिवे पुजायचेत म्हणणाऱ्या सासवांना आधीच विचारून घ्या, ऐनवेळी रुसवा नको.

आता महत्त्वाचं. गाडी ठरली की तिचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि त्याचा मोबाईल नंबर कागदावर लिहा. कागदावर म्हणतेय मी. ग्रुपवर टाकला, फोटो काढून ठेवला, ह्यांच्याकडे सेव्ह आहे, यातलं काहीही चालणार नाही. जितकी माणसं तितक्या चिठ्ठ्या. लहान पोराच्या खिशातसुद्धा.

गेल्या वर्षी आम्ही बारा जण क्रूझर करून गेलो. वर्गणी, फराळ, औषधं, सगळं मी वहीत लिहून पक्कं केलं होतं. दर्शन छान झालं. रात्री दीड वाजता जीपवाल्याने पचमढीत आणून सोडलं आणि आम्ही पार्किंगच्या मैदानात उभे राहिलो. समोर पांढऱ्या क्रूझर. सगळ्या पांढऱ्या. प्रत्येकीला पुढे भगवा झेंडा, प्रत्येकीच्या मागच्या काचेवर महाकाल, आणि अर्ध्यांवर एमएच ३१. पुढचे आकडे कोणालाच ठाऊक नव्हते. ड्रायव्हरचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये ‘क्रूझरवाला’ नावाने होता, आणि फोन दुपारीच खिशात भिजून मेला होता. आम्ही ओल्या कपड्यांत एकेक काच वाजवत फिरलो. आतून माणसं शिव्या घालत होती, त्यात त्यांचं काय चुकलं? सासूबाई एका बंद चहाच्या टपरीच्या फळीखाली पोत्यावर बसल्या होत्या, दातावर दात वाजत होते, आणि तरी मलाच धीर देत होत्या. पावणेसहाला ड्रायव्हर तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. गाडी सासूबाईंपासून तीस पावलांवर होती.

म्हणून चिठ्ठी. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई पाण्यात पसरते. औषधाच्या दुकानात गोळ्यांसाठी दाबून बंद होणारी छोटी पिशवी मिळते, तिच्यात घाला आणि पिनेने आतल्या खिशाला टोचा. चिठ्ठीत आणखी दोनच ओळी: चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, आणि घरी राहिलेल्या एका माणसाचा नंबर.

कपडे-टॉवेल काय घ्यायचे ते सांगत नाही, तुम्ही काही पहिल्यांदा घराबाहेर पडत नाही. जीन्स मात्र नको. भिजली की वाळत नाही, आणि ओल्या जीन्सने मांड्या अशा सोलतात की परतीला माणूस फेंगडा चालतो. सुती किंवा पातळ नायलॉनचं काहीही घाला. खोबरेल तेलाची लहान बाटली घ्या, निघायच्या आधीच मांड्यांना आणि पायाच्या बोटांत लावा, सोलल्यावर लावून उपयोग नाही. पचमढीला वर्षाकाठी दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच दिवसांत. छत्री घरी ठेवा. अरुंद वाटेवर ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि शिड्यांवर हात मोकळे लागतात. रेनकोट असेल तर ठीक, नाहीतर जाड पन्नीचा, म्हणजे प्लास्टिकचा, एकेक तुकडा. तो अंगावर घेता येतो, खाली अंथरता येतो, आणि बायकांना आडोशालाही धरता येतो. ही शेवटची गोष्ट कोणी यादीत लिहीत नाही. जंगलात संडासाची सोय मिळेल तिथे मिळेल, दोन बायकांनी पन्नी धरायची नि तिसरीने बसायचं, लाजत बसाल तर दिवसभर पाणी न पिता चक्कर येऊन पडाल. पाळीचं सामान प्रत्येकीने घ्यावं, तारीख जवळ नसली तरी.

पायात नवीन काही नको. जुने, पकड असलेले बूट नाहीतर पट्ट्याची रबरी सँडल. जुन्या बुटाचा तळ चिखलात सुटतो, तेव्हा सुतळीचा एक गुंडा ठेवा. दोन वेढे मारले की बूट घरापर्यंत येतो. काठी घ्याच, उतारावर गुडघ्यांची ती बहीण आहे.

टॉर्च माणशी एक. यात्रा वद्य पक्षातून शुद्ध पंचमीपर्यंत चालते, म्हणजे आकाश निरभ्र असलं तरी चंद्राचा भरवसा नाही, आणि आकाश निरभ्र नसतंच. डोक्याला बांधायचा मिळाला तर उत्तम. मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नका, बॅटरी संपते, शिवाय खाली दरीत रेंज नसते, तेव्हा फोन तसाही बंद करून पन्नीत गुंडाळलेलाच बरा. फोन बंद म्हणजे फोनमधला ड्रायव्हरचा नंबरही बंद. चिठ्ठी केली का?

खाण्याचं ओझं कमी करा. वाटेत विदर्भातल्या मंडळांचे भंडारे असतात, गरम भात-भाजी, चहा मिळतो, आग्रहाने मिळतो. तरी दशम्या, तिखट पुऱ्या, फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी आणि गूळ-फुटाणे एवढं प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत असावं. एकाच्याच डोक्यावर सगळ्यांचा डबा दिला की तो माणूस नेमका पुढे निघून जातो. पंचमीच्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही हे पाळणारं कोणी असेल तर दशम्या आदल्या दिवशीच्याच हव्यात, तेव्हा दुधात भिजवा, टिकतात. मीठ-साखरेच्या पुड्या, जुलाबाच्या गोळ्या, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. हे मेडिकलवाल्याला एकदाच सांगा, आणि गोळ्या घेताना त्या छोट्या पिशव्या मागून घ्या. कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे.

पूजेचं सामान थोडकं. नारळ, अगरबत्ती, कापूर. वाटेतल्या काजळी गावाला पोचल्यावर कोणी काजळाची डबी मागेल. मूल होऊ दे, नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा नवस कोणा राणीने केला होता अशी गोष्ट सांगतात, म्हणून डबी ठेवलेली बरी. त्रिशूळ नको. त्रिशूळ शिवरात्रीला चौरागडावर नेतात, दरवर्षी कोणीतरी दोन्ही यात्रांची गल्लत करून सहा फुटी लोखंड गाडीत कोंबतो. प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्यांवरून तपासणीला अडवलं तर हुज्जत घालू नका. १९८१ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पाहुणे आपण आहोत.

गाडीबद्दल. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची असेल तर मध्य प्रदेशचा कर भरल्याची पावती स्वतः बघा, ‘हो जाएगा भाऊ’वर जाऊ नका. सावनेर, सौसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा रस्ता. तामियाच्या घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना खिडकी आणि आवळा-सुपारी द्या. रेल्वेने जायचं तर इटारसीला बदलून पिपरिया, पुढे जीप. बाहेरच्या गाड्या पचमढीतच थांबतात आणि पायवाट सुरू होते त्या जलगलीपर्यंत तिथल्या जिप्शीने जावं लागतं, म्हणजे दिवसभर तुमची गाडी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. उतरताना सगळ्यांनी मागे वळून तिच्याकडे बघायचं, नंबर मोठ्याने म्हणायचा, शेजारी काय आहे ते बघायचं, झाड, खांब, काहीही. शेजारची दुसरी गाडी ही खूण नव्हे, ती निघून जाते. आणि ड्रायव्हरच्या हातात तुमची एक चिठ्ठी द्या, तुम्ही किती जण आणि साधारण कधी परतणार. तोही माणूस आहे, रात्रभर वाट बघत नाही, झोपतो.

चालताना पुढे एक, शेवटी एक, आणि शेवटच्याने कोणालाही मागे टाकून पुढे यायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी. काका-काकू हळू चालतात हे घरीच मान्य करून निघा. अख्खी वाट ‘हर बोला हर हर महादेव’ने गजबजलेली असते, तेव्हा आपल्या माणसांना तीच हाक मारून काही होत नाही, दहा अनोळखी ओ देतात. आपला वेगळा शब्द ठरवा. आमचा ‘झुणका’ होता. हसू येतं, पण ऐकू जातं.

पद्मशेषला, म्हणजे मुख्य गुहेला, रांग असते. शिड्यांवर ढकलू नका. चित्रशाला, चिंतामणी, स्वर्गद्वार ही बाकीची ठाणी, जमेल तेवढं करा. गुडघे बोलायला लागले की परत फिरा. रात्री मंडळाच्या मांडवात जागा मिळाली तर झोपा, बूट उशाशी, आणि सकाळी घालण्याआधी झटका.

परतीचं: कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत. ओल्यांसाठी पोतं. सुटे पैसे जीपसाठी. छिंदवाड्याला जेवण. ड्रायव्हरला झोप झाली का विचारा. गाडीत कोरडे कपडे आहेत म्हणजे आधी गाडी सापडायला हवी, हे मी परत सांगत नाही. आमच्या यंदाच्या चिठ्ठ्या लिहून झाल्यात, तेरा. तेरावी सासूबाईंनी मागून घेतली, ब्लाउजमध्ये एक नि बटव्यात एक.