लंडनच्या व्हिसासाठी बँकेतले पैसे कसे दाखवाल?

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं, या 2016 च्या ब्रेक्झिट कौलामागे स्थलांतरावरचा राग होता. युरोपातली ये-जा आटली, पण युरोपाबाहेरून येणारे वाढले, महागाई 2022 मध्ये 11.1 टक्क्यांवर गेली आणि तो राग आणखी धुमसला. त्यामुळे सरकार कोणत्याही पक्षाचं असो, नियम आवळतंच. मुंबईतून मास्टर्सला जाणाऱ्यांनी कागद पक्के ठेवावेत.

विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याचा खर्च म्हणून लंडनला सध्या महिना 1,529 पौंड, 9 महिन्यांचे 13,761 खात्यात दाखवावे लागतात. त्यात उरलेली फी मिळवा. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी आणि शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांतला हवा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज नाकारला जातो. बहुतेक घोटाळा इथेच होतो: मधेच घराचा हप्ता कापला जातो. हिशेब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो, म्हणून रुपया घसरेल हे धरून 8-10 टक्के जास्त ठेवा.

शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ चालत नाहीत. एफडी चालते, पण हवी तेव्हा मोडता येणारी.

खातं आईबाबांचं असेल तर संमतिपत्र आणि जन्मदाखला लागतो. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि बँकेत सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्रही द्या.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वेगळा: वर्षाला 776 पौंड. वर्षाच्या कोर्सला व्हिसा साधारण सोळा-सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164 भरावे लागतात.