पात्राचं नाव कुणी ठेवलं? नवीन कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

नवीन लिहिणारी मुलं मला प्लॉटबद्दल कमी विचारतात आणि नावांबद्दल जास्त. हिरॉइनचं नाव ओवी ठेवू की सई, असा मेसेज येतो. मी विचारतो तिचा जन्म कधीचा, घर कुठलं, तर म्हणतात ते अजून ठरलं नाहीये. मग नाव कसं ठरणार भिया? तुम्ही इंदूरचे असा नाहीतर सांगलीचे, नाव आधी आणि माणूस मागून असं केलं की ते पात्र पहिल्या पानापासून लेखकाचं लाडकं वाटायला लागतं आणि वाचकाला लगेच वास येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की पात्राचं नाव तुम्ही ठेवायचं नसतं. ते त्याच्या आत्याने बारशाला कानात कुर्र करून सांगितलेलं असतं, त्याआधी घरात त्यावरून आठ दिवस कुरबुर झालेली असते, आजोबांना त्यांच्या वडिलांचं नाव हवं असतं, आईला त्या वर्षी चालणारं काहीतरी छान छोटं हवं असतं, आणि भटजींनी नक्षत्र बघून अक्षरं काढून दिलेली असतात. पुष्य नक्षत्र असलं तर हू हे हो डा. आता डा वरून काय ठेवणार, म्हणून हेमंत. किंवा जन्मनाव पत्रिकेत राहतं आणि हाक मारायचं नाव वेगळंच ठेवतात. मी प्रत्येक मुख्य पात्रासाठी अर्धं पान असं लिहून काढतो की हे नाव कुणाला हवं होतं, कुणाला नको होतं आणि शेवटी कुणाचं चाललं. हे अर्धं पान कादंबरीत जात नाही. पण त्या घरात कुणाचं चालतं ते मला कळतं, आणि ते कळलं की पुढचे कितीतरी सीन आपोआप सुटतात.

नावामागे आनंदच असेल असंही नाही. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून पुढच्याचं नाव धोंडू किंवा दगडू ठेवायचे, देवाची नजर जाऊ नये म्हणून. आणि मुलगीच झाली म्हणून नकोशी. हे फार जुनं पण नाही बरं का, 2011 साली सातारा जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन 280 च्या वर मुलींची ही नावं बदलली होती. अशा मुलीला पात्र करायचं असेल तर तिने नवीन नाव स्वतः निवडलं की कुणी दिलं, आणि घरात त्यानंतरही कुठलं नाव चालू राहिलं, हे ठरवल्याशिवाय पेन उचलू नका.

आता काळ. ढोबळ हिशोब आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतोच, फक्त लिहिताना आपण तो वापरत नाही. गंगा, यमुना, भागीरथी ही पणजीची पिढी. सिंधू, कुसुम, मालती, सुमन ह्या आज्या. मग संजय, विजय, सुनीता, संगीता. त्यानंतर अमित, राहुल, प्राजक्ता, मग ओंकार, शुभम, सायली, आणि आता अथर्व, स्वरा, सान्वी. मागच्या वर्षी एका मुलाने मला हस्तलिखित दाखवलं, कथा 1950 च्या इंदूरची, गिरणीतला कामगार, आणि त्याच्या मुलीचं नाव आर्या. मुलगा म्हणाला पण सर, आर्या तर जुना संस्कृत शब्द आहे. आहे ना, पण गिरणीतल्या कामगाराने 1950 साली पोरीला ते नाव ठेवलं असतं का? शब्द किती जुना आहे याच्याशी आपल्याला करायचं काय, त्या वर्षी त्या मोहल्ल्यात कोण कुणाला काय म्हणत होतं ते शोधा.

इंदूरवाल्यांना याचा धडा फुकट मिळतो, नुसतं शहरातून फिरा. मल्हारगंज, तुकोगंज, मनोरमागंज, स्नेहलतागंज, उषागंज, संयोगितागंज. अर्धं शहर होळकरांच्या घरातल्या पहिल्या नावांवर चाललंय. मल्हार आणि खंडेराव ही नावं सरळ कुळदैवतावरून, जेजुरीच्या खंडोबावरून आलेली. आणि मग विसाव्या शतकात येईपर्यंत राजघराण्यातल्या मुली मनोरमा, स्नेहलता, उषा व्हायला लागतात, म्हणजे देवघरातून नाव निघून कवितेत गेलं म्हणा ना. दुसऱ्या यशवंतरावांची तिसरी बायको अमेरिकन, म्हणून त्यांच्या मुलाचं नाव शिवाजीराव पण आणि रिचर्ड पण, आणि त्या रिचर्डच्या मुलाचं नाव परत यशवंत, आजोबांचं. एका घराण्यात नावं कशी वळतात आणि कशी परत फिरून येतात ते इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही. ही रिक्षावाल्याला सांगायची नावं आहेत म्हणून आपण त्यांच्याकडे बघत नाही एवढंच.

नावं मिळवायची कुठून? नावांची पुस्तकं आणि वेबसाइट मी तरी टाळतो, त्यात सगळ्या नावांचे अर्थ तेजस्वी आणि लक्ष्मी एवढेच असतात. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. एका पत्रिकेत तीन पिढ्या मिळतात, वर आजी-आजोबा, मध्ये काका-मामांची फौज, आणि खाली माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिंटू, पिंकी, गोलू मंडळी. तारीख छापलेलीच असते. घराघरातल्या कपाटात वरच्या कप्प्यात गठ्ठे पडलेत, मागितले तर लोक आनंदाने देतात आणि वर चहा पाजून कोण कुणाचा कोण ते पण सांगतात, जे पत्रिकेपेक्षा जास्त कामाचं असतं. मतदार याद्या पण बघा, त्यात नावासमोर वय आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, म्हणजे कुठल्या वयाच्या बायकांमध्ये कुठली नावं ते सरळ दिसतं. शाळांच्या स्मरणिकांमधले वर्गाचे फोटो, खाली उभे डावीकडून अशी नावं असलेले, तेही सोनं आहे. फक्त एक सांभाळा, नाव एका यादीतून, आडनाव दुसऱ्या यादीतून आणि गल्ली तिसरीच. इंदूरचा मराठी समाज एवढासा आहे, रामबागेतला कोण आणि सुदामा नगरातला कोण हे लोक दोन मिनिटात ओळखतात आणि मग कादंबरी बाजूला राहते.

ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती म्हणजे एकाच माणसाला कोण कोण काय म्हणतं. समजा 1940 च्या आसपास मिरजेकडे जन्मलेली बाई, लग्न होऊन इंदूरला आलीय. माहेरचं नाव सिंधू. सासरी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहिलं, मंगला. नवरा आयुष्यभर अगं म्हणतो. दीर वहिनी म्हणतात, शेजारच्या हिंदीवाल्या भाभीजी, पोरं आई, बँकेच्या पासबुकात मंगला आणि मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर सिंधू, त्यामुळे पेन्शनच्या वेळी अॅफिडेव्हिट. सिंधू म्हणणारा आता एकच माणूस उरलाय, तिचा भाऊ, आणि तो भाऊबीजेला येतो. आता मला सांगा, कादंबरीच्या निवेदनात तुम्ही हिला काय म्हणणार? सिंधू म्हणालात तर तुम्ही माहेरच्या बाजूने बोलताय. मंगला म्हणालात तर घराच्या बाजूने. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा अर्धा भाग मला ह्या एका प्रश्नातून मिळालाय.

आपल्या कादंबरीची सुरुवातच तशी बाईच्या नावाने झालीय. बाबा पदमनजींची यमुनापर्यटन 1857 ची, विधवांच्या हालाची, आणि नंतर हरी नारायण आपट्यांनी पण लक्षात कोण घेतो मध्ये जी स्वतःची कर्मकथा सांगणारी बाई उभी केली ती पण यमुनाच, पण तिला आपण यमू म्हणून ओळखतो. यमुना म्हटलं की लांबून बघणं, यमू म्हटलं की स्वयंपाकघरात शेजारी बसणं. पुढे नेमाड्यांकडे पांडुरंग, चांगदेव, खंडेराव येतात, नुसती नावं वाचून माणूस कुठल्या परंपरेतला ते कळतं. आणि माडगूळकरांच्या बनगरवाडीत अंजी, आयबू, कारभारी, गावाने तोंडात घोळवून घोळवून झिजवलेली नावं. जात आणि गाव नावात दिसतं, हे आवडो न आवडो. सगळ्यांची नावं समीर आणि नेहा ठेवून तो प्रश्न टाळता येतो असं पुष्कळांना वाटतं, पण मग पुस्तकात फक्त एकाच प्रकारची घरं उरतात.

आता इकडच्या लोकांसाठी खास. आपली पात्रं दिवसभर हिंदीत जगतात, तर त्यांची नावं पण हिंदी तोंडातून जाऊन येतात. प्रज्ञा शाळेत प्रग्या होते, बाळ चा बाल होतो आणि वर्गात केसांवरून चिडवाचिडवी, मधलं वडिलांचं नाव फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. तुमची प्रज्ञा घरी आल्यावर स्वतःला काय म्हणते? कॉलेजच्या ग्रुपमध्ये ती स्वतःच प्रग्या म्हणून ओळख करून देते का? ह्या एका बारकाव्यात इंदूरचं मराठीपण जेवढं येतं तेवढं पोहे-जिलबीच्या चार पानी वर्णनात येत नाही, आणि ते वर्णन सगळेच करतात.

थोडं कागदावरचं तंत्र. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही, हे इंग्रजीतले नावांबद्दलचे सल्ले वाचणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. आशा, उषा, प्रकाश, किरण, क्षमा, माया, आनंद ही नावं सुंदर आहेत पण वाक्यात ठेवून बघा. दार उघडताच प्रकाश आत आला. कोण आला, माणूस की ऊन? आनंद कुठे गेला ते तिला कळलं नाही. क्षमा मागून मागून थकला. कधी हा गोंधळ मुद्दाम हवा असतो, तेव्हा बिनधास्त वापरा, पण तीनशे पानं नकळत होत राहिला तर वाचक वैतागतो. तसंच सु चं. सुनीता, सुनंदा, सुधा, सुहास, सुमन, सुलभा, मराठी घरात हे होतंच, खऱ्या आयुष्यात माझ्याच आजोळी होतं, पण पानावर डोळा पहिलं अक्षर पकडून पुढे सरकतो आणि सुनीताने काय केलं आणि सुनंदाने काय हे पन्नासाव्या पानावर एक होऊन जातं. मी पात्रांची पहिली अक्षरं एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवतो.

आणि क्रियापद. माधव आला, माधवराव आले, माधव्या आला. नाव कुठल्या रूपात घेता यावर अख्ख्या पुस्तकाची क्रियापदं ठरतात, आणि निवेदक त्या माणसाच्या वर आहे, खाली आहे की बरोबरीचा आहे तेही. म्हाताऱ्या बाईला सुमन आली म्हणणारा निवेदक आणि सुमनताई आल्या म्हणणारा निवेदक ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याच पानावर ठरवा. मधेच बदललं तर त्याला कारण पाहिजे, जसं की ज्याला आपण शंभर पानं दिनू म्हणत होतो तो मोठा साहेब झाला आणि आता त्याला दिनकरराव म्हणावंच लागतंय.

किरकोळ पात्रांचा फार विचार करू नका. दूधवाला दूधवालाच राहू दे. नाव दिलं की वाचक त्याची वाट बघत बसतो.

मोठ्या मोठ्यांनाही नाव पहिल्या फटक्यात मिळालेलं नाही, म्हणून घाबरू नका. कॉनन डॉयलच्या सुरुवातीच्या टिपणात शेरलॉक नाही, शेरिनफर्ड आहे, आणि डॉक्टर वॉटसनचं नाव ऑर्मंड सॅकर. इयान फ्लेमिंगला अगदी साधं, बेचव नाव हवं होतं, त्याने वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचं नाव उचललं, जेम्स बाँड. मार्गारेट मिचेलच्या गॉन विथ द विंड मधली नायिका स्कार्लेट बराच काळ पॅन्सी होती आणि छापायच्या आधी बदलली.

तर तुम्हीही बदलाल, शेवटी शेवटी बदलाल, आणि मग ही सूचना कामी येईल. मराठीत नाव बदलताना कॉम्प्युटरला सगळीकडे बदल म्हणून सांगू नका. रामचा माधव करायला जाल तर आराम चा आमाधव होईल, रामबाग ची माधवबाग होईल आणि रामराम घालणारे म्हातारे माधवमाधव घालतील. जुन्या वळणाची भाषा असेल तर अजून त्रास, कारण गंगा ची गंगेने, गंगेला, गंगेच्या अशी रूपं होतात आणि गंगा शोधून ती सापडतच नाहीत. एक एक रूप वेगळं शोधा, रामने, रामला, रामचा, रामची, रामच्या, रामशी, रामकडे, रामा रे, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्य वाचा, कारण नाव बदललं की कधी कधी त्या माणसाच्या तोंडचं वाक्यही बसत नाही. मग प्रिंट काढून घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, शक्यतो ज्याने आधीचा ड्राफ्ट वाचलेला नाही अशाला.