ऑडिट लॉगमध्ये सिस्कॉल आणि पाथ जोडताना या चुका टाळा

‘ही फाइल कुणी उडवली?’ या प्रश्नाचं उत्तर लिनक्सच्या ऑडिट लॉगमध्ये (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदींत) एका ओळीत मिळत नाही. कुणी आणि कोणत्या प्रोसेसमधून, हे सिस्कॉलच्या (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या विनंतीच्या) ओळीत असतं. फाइलचं नाव पाथच्या ओळीत. पहिली हेडर, दुसरी बॉडी. दोन्हींची टेबलं करून एसक्यूएलने (डेटाबेसच्या क्वेरी-भाषेने) जोडली की क्वेरी विनातक्रार चालते आणि खुशाल चुकीचं उत्तर देते.

सगळ्यात घातक चूक जोडणीच्या ‘की’ची, म्हणजे ज्या खुणेवरून दोन टेबलांतल्या ओळी जुळवायच्या तिची. प्रत्येक ओळीत ‘ऑडिट(1712345678.412:9073)’ असा शिक्का असतो: 1970 पासूनचे सेकंद, मिलिसेकंद आणि शेवटी अनुक्रमांक. सुटसुटीत दिसतो म्हणून नुसता अनुक्रमांक घेतला जातो. पण मशीन रीबूट झालं की तो पुन्हा सुरुवातीपासून मोजला जातो. मग मंगळवारचा सिस्कॉल शुक्रवारच्या पाथला जाऊन चिकटतो आणि फाइल उडवल्याचा ठपका भलत्याच माणसावर येतो. वेळ आणि अनुक्रमांक मिळून ‘की’ करा. अनेक मशीनचे लॉग एकत्र येत असतील तर नोडचं (मशीनचं) नावही घ्या. वेळ टेक्स्ट म्हणूनच साठवा. चार बाइटच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) एवढ्या मोठ्या संख्या 128-128 च्या टप्प्यांवर गोल होतात, म्हणजे दोन मिनिटांच्या नोंदी एकाच वेळेच्या दिसतात.

इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच ओळी ठेवणारी जोडणी) लावलात तर ‘किल’सारखे सिस्कॉल गायब होतात, कारण त्यांना पाथची ओळच नसते. लेफ्ट जॉइन घ्या, त्यात सिस्कॉलच्या सगळ्या ओळी राहतात. मात्र पाथवरची अट ‘व्हेअर’मध्ये लिहिलीत तर नल (रिकामी किंमत) असलेल्या ओळी गळतात आणि पुन्हा इनर जॉइनच होतो. ती अट ‘ऑन’मध्ये हवी.

आकडे फुगलेत? एक फाइल पुसली की साधारण दोन पाथ येतात, एक वरच्या डिरेक्टरीचा आणि एक पुसलेल्या फाइलचा. नाव बदललं तर बहुधा चार. त्यामुळे ओळी मोजू नका, वेगवेगळ्या ‘की’ मोजा. सिस्कॉलच्या ओळीतलं ‘आयटम्स’ हे फील्ड पाथ किती असायला हवेत ते सांगतं. माझ्या मते ही पडताळणी प्रत्येक क्वेरीत असावी. संख्या कमी भरली तर उरलेली ओळ लॉग रोटेट झाल्यावर (जुनी फाइल बंद होऊन नवी सुरू झाल्यावर) उघडलेल्या पुढच्या फाइलमध्ये शोधा.

लगतच्या ओळी एकाच घटनेच्या असतात असंही धरू नका, त्या एकमेकींत मिसळून येतात. फाइलच्या नावात स्पेस असेल तर नाव हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) दिसतं.

शंका आलीच तर तीच घटना ‘ऑसर्च’ या ऑडिट लॉग शोधणाऱ्या कमांडला अनुक्रमांक देऊन काढा. ते ओळी स्वतःच जोडून दाखवतं; आपलं उत्तर त्याच्याशी ताडून पाहा.