घरचे खडू करताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मुलं जमतात आणि अंगणात चित्रं काढायला जाड खडू करतात. इतक्या वर्षांत मुलांनी काम बिघडवलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. घाई मोठ्यांनाच असते.

पहिली चूक दुकानातच होते. खडूला पीओपी लागतं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. शाळेतला साधा खडूही त्याचाच असतो. एका वर्षी एका मुलाचे वडील सुटी पांढरी पावडर घेऊन आले. "भाई, बधुं एक ज छे," म्हणजे सगळं एकच आहे, असं दुकानदाराने सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. ती निघाली भिंतीची पुट्टी. संध्याकाळपर्यंत चिखलच राहिला आणि दोन दिवसांनी त्याचा दगड झाला. कोटाच्या फरशीवर रंग उमटायचा सोडून चरे पडले, ते अजून आहेत. वाईट वाटलं ते मुलांच्या हातांचं. पुट्टीत पांढरं सिमेंट असतं, ते कातडीला झोंबतं. तेव्हापासून मी पीओपी छापलेलं बंद पाकीटच घेते आणि आधी एक चमचा कालवून बघते. अर्ध्या तासात कडक झालं तरच मुलांना हाका मारते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं जुनं पाकीट या परीक्षेत नापास होतं, कारण त्याने हवेतली ओल आधीच पिऊन घेतलेली असते.

आधी पाणी, मग पावडर. एक वाटी पाण्यात दोन चमचे पोस्टर कलर घालायचा, त्यावर साधारण दोन वाट्या पीओपी भुरभुरवायचं, मिनिटभर भिजू द्यायचं आणि सावकाश ढवळायचं. जोरात घुसळलं की बुडबुडे राहतात आणि खडू तिथेच मोडतो. पावडर मोठ्यांनीच ओतावी, पंखा बंद, नाकाला रुमाल. ऑइल पेंट नको.

मिश्रण घट्ट होऊ लागलं की पाणी घालून सैल करणारे हमखास भेटतात. त्यात स्फटिक धरायला लागलेले असतात. ते मोडले की पुन्हा तसे जुळत नाहीत आणि खडू हातात भुगा होतो. एका वेळी दोन-तीन खडूंपुरतंच कालवा.

आता मोरी. पहिल्या वर्षी मी बादली मोरीत विसळली. पीओपी वाळून घट्ट होत नाही, पाणी धरून घट्ट होतं, त्यामुळे पाइपाच्या वळणात साचून तिथेच बसलं. चार बिऱ्हाडांचं पाणी दोन दिवस तुंबलं, शेवटी प्लंबरने पाइपाचा तुकडा कापून काढला. शेजारच्या आजी काही बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. आता उरलेलं प्लास्टिकच्या बादलीतच घट्ट होऊ देते. बुडावर थापटलं की अख्खी चकती सुटते, ती सुक्या कचऱ्यात. हात आणि चमचे दुसऱ्या बादलीत धुवायचे, गाळ रात्रभर बसू द्यायचा, सकाळी फक्त वरचं नितळ पाणी ओतायचं.

मुलं हट्ट करतात, "हाताचा ठसा घेऊ या?" ओल्या पीओपीत हात बुडवू देऊ नका. घट्ट होताना ते तापतं. खडूएवढ्या मिश्रणात नुसतं कोमट लागतं, पण भांडंभर असेल तर भाजतं. 2007 साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने असे हात घातले आणि तिला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली.

साच्याला पुठ्ठ्याची नळी, आतून बटर पेपर, तळाला चिकटपट्टी. तासाभराने नळी सोलली तरी खडू आतून ओलाच असतो. तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवायच्या युक्त्या मला सांगू नका. सावलीत, जाळीवर, दोन-तीन दिवस. सकाळी मुलं येतात आणि एकेक खडू गालाला लावून बघतात. गार लागला तर ओला. तो परत जाळीवर जातो आणि त्याचा मालक अंगणाच्या कडेला उभा राहतो.